वरून सुकलेली जखम

नारपोली, भिवंडी
१८ ऑक्टोबर २००४

श्री. शैलेश वरठा सर यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही. मी उन्नती पाटील. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून नारपोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ड्युटी, असा माझा दिवस जातो. इथे लूमवर काम करणाऱ्यांच्या जखमांचा पू तपासायला येतो. त्यातले बरेच जण आधी कुठला तरी पाला बांधून बघतात, मग डॉक्टरकडे जातात. त्यांच्याकडे बघूनच माझ्या प्रकल्पाचा विषय ठरला: जखमेवर बांधायच्या वनस्पती आणि पू करणारे जंतू.

तुमच्या आजी बुधीबाई जखमेचं औषध देतात, वडप्यापर्यंतची माणसं त्यांच्याकडे यायची, असं कळलं. त्या वापरतात तो पाला मला मिळेल का? नुसतं नाव सांगितलंत तर उपयोग नाही, कारण एकाच पाल्याला गावोगाव निराळी नावं असतात. मुळासकट उपटलेला पाला हवा. वज्रेश्वरी-भिवंडी बसच्या कंडक्टरकडे पुडकं दिलंत तर मी स्टँडवर येऊन घेईन. तुमच्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही म्हणून पत्र लिहिते आहे.

आजींना आणखीही विचारायचं आहे. जखम धुतात कशाने, पाला किती दिवस बांधतात, पट्टी कधी बदलतात. आणि ज्या जखमा बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्याबद्दलही.

आपली,
उन्नती पाटील

---

जि. प. शाळा, वज्रेश्वरीजवळ
२९ ऑक्टोबर २००४

उन्नतीताई,
नमस्कार.

तुमचं पत्र वर्गावर असतानाच मिळालं. आमच्या आजीला कुणी पत्र लिहून विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरी जाऊन तिला दोनदा वाचून दाखवलं. भाग्यश्री, म्हणजे माझी बायको, म्हणाली, आजीचं नाव आता पुस्तकात येणार.

पुडकं पाठवलं आहे. त्यातला केसाळ पानांचा, पिवळट फुलांचा पाला म्हणजे कंबरमोडी. काही जण त्याला दगडी पाला म्हणतात. तो ताजाच वाटायचा आणि रस जखमेत पिळून चोथा वर बांधायचा. सोबतची साल ऐनाची आहे. ती उकळून त्या पाण्याने जखम आधी धुवायची. पट्टी रोज बदलायची. आजीचा सगळा दवाखाना एवढाच.

पण एक सांगायला हवं. आजी आता औषध देत नाही. तीन वर्षं झाली. कालही बांधावर येऊन तिने मला पाला बोटाने दाखवला, हात लावला नाही.

वडप्याचा एक माणूस होता. गोडाऊनवर मुकादम होता आणि त्याच्या पायात खिळा गेला होता. बारा दिवस तो आजीकडे येत होता. मग यायचा थांबला आणि काही दिवसांनी तो वारल्याचं कळलं. आजी म्हणते, तेव्हापासून दुपारी बाराची बस गेली की तो अंगणात येऊन बसतो. पट्टी सोडतो आणि पाय पुढे करतो. मी विचारलं, "बोलतो काय?" तर म्हणाली, "बोलत न्हाय. बघत बसतो हाय."

मी शिक्षक आहे. असल्या गोष्टींवर मी पोरांना काय सांगतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण सुट्टीच्या दिवशी मी घरी असतो तेव्हा बारा वाजले की आजी हातातलं काम ठेवून उंबऱ्याशी येते, आणि मला त्या वेळी अंगणातून जावंसं वाटत नाही.

त्या माणसाबद्दल मला आणखी थोडं माहीत आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुमचा,
शैलेश वरठा

---

नारपोली
१६ नोव्हेंबर २००४

शैलेश सर,
पाला आणि साल दोन्ही चांगल्या स्थितीत मिळाली. आभार.

प्रयोगाचं सांगते. काचेच्या बशीत आम्ही जंतू वाढवतो आणि मधे अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतो. अर्कात दम असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. तुमच्या कंबरमोडीभोवती असा गोल दिसला. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. चार वेळा केलं. चारही वेळा दिसला, ऐनाच्या सालीचा तर थोडा मोठाच.

मला ही अपेक्षा नव्हती.

एक बशी उघडली तेव्हा तिला गोडसर वास आला, पेरू फार पिकला की येतो तसा. काही जंतूंना असा वास असतो, पुस्तकात लिहिलेलं आहे. मी बशी तशीच ठेवून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. आमच्या सरांना वाटलं मला चक्कर आली.

तुमच्याकडून एक नीट समजून घ्यायचं आहे. आजींनी त्या वडप्याच्या माणसाला हाच पाला दिला होता का? की दुसरं काही कालवलं होतं? पाला शिळा होता का? माणूस काही उगीच मरत नाही. आणि पत्रात लिहिण्यासारखं नाही असं जे तुम्ही म्हणता, तेही कळलं तर बरं होईल.

येत्या रविवारी मी साडेनऊच्या बसने येते. आजींना प्रत्यक्षच विचारीन.

उन्नती

---

२ डिसेंबर २००४

उन्नतीताई,

तुम्ही येऊन गेलात त्याला दीड आठवडा झाला. लिहू की नको, असं करत राहिलो.

तुम्ही आजीला एकच प्रश्न तीन वेळा विचारलात: त्याच्या पायाला काय लावलं? तिने तिन्ही वेळा "पालाच" म्हणून सांगितलं. तरी तुम्ही वहीत लिहिलं नाहीत. तुम्ही अंगणात बसायला गेलात आणि आजी एकदम म्हणाली, "तिथं नको बसू," तेव्हा तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तिच्या वतीने माफी मागतो. ती जागा त्याची आहे, असं ती मानते.

तुम्ही गेल्यावर ती जेवली नाही. म्हणाली, "ही पोरगी पाला बघाया न्हाय आली. मला बघाया आली हाय." मी म्हटलं, शिकलेली माणसं अशीच खोदून विचारतात. तेवढ्यावर तो विषय संपला.

आता दुसरं. माझे वडील, देवराम, गेल्या बुधवारी लाकूड फोडत होते. कुऱ्हाड निसटून पोटरीत घुसली. चांगली चार बोटं खोल जखम. आम्ही आजीकडे पाहिलं. पोटचा पोरगा समोर रक्ताने भरलेला, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझा हात नको लागाया," एवढंच म्हणाली. शेवटी भाग्यश्रीने साल उकळून जखम धुतली आणि पाला वाटून बांधला. ती आमच्याच पाड्यावरची, लग्नाआधी तिने आजीला करताना पाहिलं होतं.

आज आठ दिवस झाले. जखम मिटली आहे, वर कोरडी खपली धरली आहे. बाबांना संध्याकाळी थोडी कणकण असते आणि पोटरी ताठ लागते, पण ते म्हणतात लाकडं फोडून अंग दुखतं तसंच आहे. भाग्यश्रीला पट्टी सोडताना पेरूसारखा वास आला. तुमच्या पत्रातली ओळ मला लगेच आठवली. पण तुमच्याच प्रयोगात पाल्याने जंतू मेले आहेत, त्यामुळे मी घरात सगळ्यांना सांगितलं की भिण्याचं कारण नाही. बरोबर ना?

दवाखान्याचं नाव काढलं की बाबा तोंड फिरवतात.

शैलेश

---

भिवंडी, एस.टी. स्टँड
४ डिसेंबर २००४, सकाळी ११

शैलेशदादा,

बाबांना आजच्या आज भिवंडीला आणा. हे पत्र साडेअकराच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे, ते तुमच्या शाळेत पोचवतील. जी पहिली जीप किंवा टेम्पो मिळेल ती धरा. मी स्वतः येणार होते, पण शनिवार आहे. सर्जन दुपारी निघून जातात, त्यांना थांबवून ठेवायला मी दवाखान्याच्या दारातच उभी राहते.

जखम बरी झालेली नाही. वरून सुकली आहे. पाला वरवरचे जंतू मारतो, ते खरं आहे. पण चार बोटं खाली तो पोचत नाही. वरचं तोंड मिटलं की आतला पू बाहेर यायची वाट बंद होते आणि तो पोटरीत पसरतो. ताप, ताठ पोटरी आणि तो वास, तिन्ही एकत्र असले तर जखम उघडून साफच करावी लागते. माझी बशी सपाट होती, दादा. माणसाचा पाय सपाट नसतो. हे मी तुम्हाला त्या पत्रातच लिहायला हवं होतं.

बाबा नाही म्हणतील. तेव्हा त्यांना पुढचं वाचून दाखवा.

माझं आडनाव पाटील नाही. ते माझ्या आईच्या माहेरचं. मी उन्नती बाळाराम तरे. अंगणात पाय पुढे करून बसतो तो माझा बाप.

त्यांच्याही पायाची जखम वरून सुकली होती. त्यांना साखर होती, त्यामुळे दुखतही नव्हतं फारसं. नवव्या दिवशी आमच्या घरी तुमच्या पाड्यावरून चिठ्ठी आली होती. 'आजी म्हणते आता तिच्या हातात नाही, मोठ्या दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका.' दारात मी होते. चिठ्ठी मीच घेतली आणि मीच त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन चुलीत टाकली. केसरीनाथकाकांचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा पाय दवाखान्यात गुडघ्यापासून काढला होता आणि काका त्यानंतर चार महिन्यांत गेले. माझे वडील म्हणाले, "मी दोन पायांवरच जाईन. आईला सांगायचं नाही. तिचं प्रेशर वाढतं. माझी शपथ हाय."

मी एकोणीस वर्षांची होते. मी नऊ दिवस गप्प बसले. मग त्यांची शुद्ध गेली आणि सांगायचं काही उरलं नाही.

पाला विषारी निघावा म्हणून मी हा प्रकल्प घेतला. आजींनी मारलं असं सिद्ध झालं असतं तर मला झोप लागली असती. म्हणून मी तीन वेळा विचारत होते.

बस लागली. आणा त्यांना.

उन्नती

---

२८ डिसेंबर २००४

उन्नतीताई,

दवाखान्यात आपण चोवीस दिवस रोज भेटलो, पण चहा, औषधं आणि रक्ताची बाटली यापलीकडे काही बोललो नाही. बाबा काल घरी आले. काठी घेऊन चालतात. त्या दिवशी डॉक्टरांनी पोटरी उघडली तेव्हा तुम्ही आत होतात, त्यामुळे काय निघालं ते मी तुम्हाला सांगायला नको. आणखी दोन दिवस गेले असते तर पाय काय, माणूसही राहिला नसता, असं ते म्हणाले. पाय राहिला.

आता मी त्या दिवशीचं सांगतो, कारण तुम्हाला ते माहीत नाही.

पत्र मला साडेबाराला मिळालं. शाळा सोडून धावत घरी गेलो. बाबा खाटेवर होते. म्हणाले, "मला न्यायचं तर मेल्यावर न्या." मी तुमचं पत्र वाचायला घेतलं. आजी उंबऱ्यात बसून ऐकत होती. तुमचं खरं नाव आलं तेव्हा ती हलली नाही. तिला ठाऊक असावं. चिठ्ठीचं आलं तेव्हा तिने डोळे मिटले.

बाबा तरी नाहीच म्हणाले. मग आजी उठली. खाटेपाशी आली, उभी राहून त्यांच्या पायांकडे बघत राहिली. इतकं शांत बोलली की मला वाटलं घरात कुणी पाहुणा आहे.

"देवराम, तो आज अंगणात न्हाय आला. मी वाट बघत होते. तो तुझ्या खाटेवर येऊन बसलाय, तुझ्या पायापाशी. आज त्यानं पट्टी न्हाय सोडली. तुझी सोडतो हाय."

बाबांनी पाय आखडून घेतला. दुखून ओरडले. आणि मग म्हणाले, "गाडी आण."

आजीला खरंच दिसलं, की पोराला उठवायला ती तसं म्हणाली, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

तुमच्यावर मला राग होता, तो लपवत नाही. तुम्ही आमच्या घरी पाहुणी म्हणून आलात आणि आजीला आरोपी करायला वही काढलीत. पण राग धरून बसायचा मलाही अधिकार नाही. ती चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. मी तेव्हा डी.एड.च्या सुट्टीत घरी आलो होतो. आजीने सांगितलं आणि मी लिहिलं. ती म्हणाली होती, "तू स्वतः जा, त्याच्या बायकोला तोंडानं सांग." मला कॉलेजात परतायची घाई होती. मी चिठ्ठी वडप्याला जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याकडे दिली. तीन वर्षं मला वाटत होतं की त्याने ती दिलीच नाही. मी वडप्याला गेलो असतो तर तुमच्या आईशी बोललो असतो. पत्रात लिहिण्यासारखं नाही म्हणालो होतो, ते हे.

आजीने एक सांगितलं आहे. चिठ्ठीनंतरही तुमचे वडील तीन दिवस तिच्याकडे आले. तिने पट्टी बांधायला नकार दिला तर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली. जाताना तिला म्हणाले, "पुन्हा माझ्या घरी निरोप धाडलास तर तुझ्या दारात जीव देईन." ती भ्याली. तिने दुसरा निरोप पाठवला नाही. हात पदराखाली घेण्याचं कारण पाला नव्हता, हे मला आत्ता कळलं.

परवा पाड्यावरच्या तुळजाच्या टाचेला काच लागली होती. आजीने तीन वर्षांत पहिल्यांदा जखमेला हात लावला. आधी भोवतालची कातडी बोटाने दाबून पाहिली, वास घेतला, मग पाला बांधला. आणि तुळजाच्या नवऱ्याला, सासूला आणि शेजारणीला, तिघांनाही बोलावून सांगितलं की तिसऱ्या दिवशी ताप आला तर माझ्याकडे आणायचं नाही, भिवंडीला न्यायचं.

तो अजून येतो, असं ती म्हणते. मी तिला खोडत नाही.

ती तुम्हाला विचारते आहे: तुझ्या आईला ठाऊक हाय का?

शैलेश

---

वडपे
९ जानेवारी २००५

शैलेशदादा,

आजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बारा दिवस लागले. त्यातले अकरा हिंमत गोळा करण्यात गेले.

आधी प्रकल्पाचं सांगते. मी दोन्ही लिहिलं आहे: पाला काम करतो, आणि मिटलेल्या खोल जखमेत तो पोचत नाही. आमच्या सरांना दुसरा भाग विषयाबाहेरचा वाटतो. मी तो काढणार नाही. परवाच लॅबमध्ये एक लूमवाला हाताचा पंजा दाखवत होता. "दीदी, पत्ती बाँधी थी, ऊपर से तो सूख गया." मी त्याला पावती न करता थेट सर्जनकडे पाठवलं. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं म्हणून मीही गेले. आणि माहिती कुणाकडून मिळाली तिथे नाव टाकलं आहे: बुधीबाई वरठा. खाली माझंही खरं आडनाव.

काल दुपारी आई पडवीत सुकट निवडत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. चिठ्ठी, चूल, शपथ, नऊ दिवस, सगळं. वर न बघता ती निवडत राहिली. माझं बोलून झालं तरी तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं ती आता मला घराबाहेर काढेल, आणि ते बरोबरच होईल.

मग म्हणाली, "मना ठावं होतं."

मला कळेना. चिठ्ठीचं ठाऊक होतं?

"चिठ्ठीचं न्हाय. पायाचं. चादरी रोज मीच धुवायचे ना? वास काय तुलाच येत होता?" तिने तिसऱ्या दिवशीच त्यांना विचारलं होतं. त्यांनी तिलाही शपथ घातली होती. "बोलले, उन्नतीला कळू देऊ नको. तिची परीक्षा हाय. पोरगी घाबरंल, वर्ष जाईल."

मला आईच्या प्रेशरची भीती घातली आणि आईला माझ्या परीक्षेची. तुमच्या आजींना स्वतःच्या जिवाची. एकेका बाईला तिच्या तिच्या जागी गप्प केलं. आई रोज तिन्हीसांजेला धूप जाळायची ते देवासाठी असं मला वाटायचं. मी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायचे, त्या उकडतं म्हणून, असं तिला वाटायचं.

काल आम्ही ते सगळे दिवस एकमेकींसमोर मांडले. ती एक सांगायची, मी एक सांगायचे. तीन वर्षांत आम्ही त्यांचं नाव घेतलं की एक तरी उठून जायची. काल कुणी उठली नाही. आई एकदा म्हणाली, "लबाड माणूस." त्यांच्याबद्दल तिच्या तोंडून वाईट शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तो म्हणताना तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला, ते समोर असले की घ्यायची तसा.

आजींना सांगा की आईला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, पण दोघींना मिळून ठाऊक नव्हतं. त्यांनी दुसरा निरोप पाठवला असता तरी तो आमच्या दोघींपैकी एकीच्याच हातात पडला असता. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

एक दिवस आम्हा दोघींनाही नेमका आठवला. खिळा लागल्यापासूनचा तेरावा दिवस, संध्याकाळ. आई म्हणते, त्या दिवशी तिने ठरवलं होतं की शपथ मोडायची, उन्नतीला सांगायचं आणि गाडी बोलवायची. मीही तेच ठरवून स्वयंपाकघरात गेले होते. ती चुलीपाशी उभी होती, मी दाराशी. ती म्हणाली, "ऐक," आणि मीही त्याच वेळी "आई" म्हणाले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत ते खोकले. नुसते खोकले. आम्ही दोघी थांबलो.

मग तिने मला विचारलं, भात किती टाकू, आणि मी म्हटलं, दोनच वाट्या.

तुमची,
उन्नती बाळाराम तरे